डिजिटल ट्विन असता तर एकतानगरी वाचली असती?

सिंहगडरोडकर: काल इथे एकाने लिहिलं, "पुण्याचा डिजिटल ट्विन असता तर एकतानगरीत पाणी शिरलंच नसतं." वाचून डोकं फिरलं. डिजिटल ट्विन म्हणजे शहराची संगणकातली त्रिमितीय प्रतिकृती; एकतानगरी ही सिंहगड रोडजवळची मुठेकाठची वस्ती. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं की ते कुठे चढणार, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नकाशावरची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. रेषा आहेत, तरी काठ बांधकामांनी भरला. २०१९ ला आंबिल ओढ्याचंही तेच, पात्र आवळत नेलं आणि माणसं गेली. यात त्रिमितीय चित्राने काय केलं असतं?

लायडारवाला: नदीत भराव पडला, नवा पूल झाला की पाण्याची पातळी बदलते. कागदावरची रेषा मात्र तिथेच राहते. भराव टाकण्याआधी तो मॉडेलमध्ये टाकून बघता येतो, पाणी कोणाच्या दारात जाईल ते कळतं. मुंबईत आयफ्लोज ही पुराचा इशारा देणारी यंत्रणा २०२० पासून आहे. पाऊस, भरती, नाले एकत्र धरून कुठे किती पाणी साचेल ते सांगते.

सिंहगडरोडकर: मुंबईतल्या सखल हिंदमाताला फरक पडला तो जमिनीखाली टाक्या बांधल्याने. अंदाजाने पाणी ओसरत नाही.

लायडारवाला: टाकी केवढी हवी, हे गणित केल्याशिवाय कळतं का?

घरपट्टीग्रस्त: तुम्ही पुराचं बोलताय, आमच्या शहरात ड्रोन आला तो करवसुलीला! गच्ची गळते म्हणून पत्रा टाकला, तर वाढीव बांधकामाची नोटीस. शेजारी नाला बुजवून उभी राहिलेली इमारत त्याच फोटोत आहे. तिला काही नाही.

कोथरूडची: पत्र्याखाली खोली काढली असेल. आम्ही सरळ कर भरतो.

घरपट्टीग्रस्त: चारी बाजू उघड्या आहेत, येऊन बघा! न बघता आरोप करू नका.

मोजणीदार: वरून पत्रा आणि स्लॅब यात फसगत होते. जागेवर जाऊन पडताळणी करायलाच हवी, ती उरकून टाकतात. मोजणीत आयुष्य गेलं माझं, दोष यंत्राचा नाही.

घरपट्टीग्रस्त: दोष कोणाचा का असेना, दंड मी भरला. हरकत घेतली तर नकाशासुद्धा दाखवला नाही.

कोथरूडची: नकाशा दाखवला नाही हे मात्र चूकच. बाकी माझं मत तेच.

सिंहगडरोडकर: बरं, भराव आधी तपासायला मॉडेल उपयोगी, एवढंच मान्य. पण ते कोणाच्या संगणकात बंद राहणार? फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने भारतीय संस्थांसाठी नकाशांवरची परवानगीची अट काढली. मग प्रत्येक बांधकाम परवान्याला पूरनकाशा जोडा, फ्लॅट घेणाऱ्याला आधी दिसू द्या.

लायडारवाला: बिल्डरआधी रहिवासीच आडवे येतील. आमच्या सोसायटीच्या सभेत मी निळ्या रेषेचा विषय काढला, तर "भाव पाडतोस का" म्हणून मला खाली बसवलं.

सिंहगडरोडकर: परत उभे राहा. तळमजल्यावरच्यांना बरोबर घ्या.