नवा दाढीचा ब्रश पहिल्यांदा कसा धुवायचा? (एक ब्रश आधीच मारलाय, म्हणून विचारतोय)

नवशिका_परळ

मंडळी, प्रश्न वाचून हसाल, पण खरंच मदत हवी आहे.

पाच पात्यांच्या रेझरच्या कार्ट्रिजचे भाव बघून डोकं फिरलं आणि गेल्या दोन महिन्यांत मी वडिलांच्या वाटेला लागलो. सेफ्टी रेझर, साबणाची वडी, स्टीलची वाटी. रेझर जमला, साबणही जमला. ब्रशनं मात्र घरात इज्जत घालवली.

पहिला ब्रश क्रॉफर्ड मार्केटमागच्या गल्लीतल्या एका दुकानातून आणला. कोरडा होता तोवर सभ्य वाटला. पाण्याखाली धरला मात्र, मोरीत असा वास सुटला की जणू ओल्या गोणपाटावर कुणी बकरी बांधलीय. जंतू असतील म्हणून चहाच्या जुन्या पातेल्यात पाण्याला आधण आणलं, त्यात अँटिसेप्टिकची दोन झाकणं ओतली आणि ब्रश मुठीसकट आत सोडला. दहा मिनिटांनी चिमट्यानं उचलायला गेलो तर मूठ एकटीच वर आली. केसांचा झुबका खाली तळाशी, बुडाला पिवळट डिंकाची चकती, आणि वर सगळे केस कुरळे होऊन फुललेले. आई मागून म्हणाली, "काय रे, कसलं कालवण करतोयस?" ते पातेलं परत चहाला वापरायचं नाही असा ठरावही लगेच पास झाला.

आता दुसरा ब्रश ऑनलाइन मागवलाय. डुकराच्या केसांचा, लाकडी मुठीचा. तीन दिवस झाले, खोका उघडून फक्त वास घेतलाय. वास आहेच. पाण्याला लावायची हिंमत होत नाही.

तर जाणकारांनी सांगावं: धुवायचा कशानं? वास जातो का? आणि न उकळता वापरला तर चेहऱ्याला काही होणार नाही ना? पाणी महापालिकेचंच आहे. मोरीला खिडकी नाही. आगाऊ धन्यवाद.

खडूस_काका

आमच्या वडिलांनी एक ब्रश बारा-पंधरा वर्षं वापरला. दुकानातून आणला, नळाखाली धरला, दाढी केली. त्यांना कसले जंतू माहीत होते? तुम्ही लोक ब्रशलाही पाचवी पुजाल.

(हलकेच घ्या. पण पातेल्याचा किस्सा बायकोला वाचून दाखवला.)

फेसाळ_गिरगाव

काकांचं ऐकू नका, आणि स्वतःच्या डोक्याचं तर मुळीच ऐकू नका.

आधी पहिला ब्रश का मेला ते. केसांचा झुबका मुठीच्या खोबणीत डिंकानं बसवलेला असतो. उकळत्या पाण्यात तो डिंक सैल पडतो. केस म्हणजे केरॅटिन, आपल्या डोक्यावर असतं तेच. स्वतःचं डोकं ज्यात बुडवणार नाही त्यात ब्रश बुडवायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. म्हणजे कढत पाणी नाही, कपड्यांची पावडर नाही, सोडा नाही. आणि फरशीचं ब्लीच तर अजिबात नाही, त्यात केस चक्क विरघळतात.

नव्या ब्रशला जो वास येतो तो घाणीचा कमी आणि प्राण्याच्या केसांचा, त्यातल्या उरल्यासुरल्या चरबीचा जास्त. जंतुनाशक ओतून तो जात नाही. चरबी काढली की जातो, आणि चरबी साबणानं निघते. मी असं करतो: मगमध्ये कोमट पाणी, मनगटावर टाकलं तर जेमतेम ऊब लागेल इतकंच. त्यात साध्या शांपूचे किंवा भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. ब्रश केसांपुरता बुडवायचा. तुमची मूठ लाकडी आहे, तिला पाणी पाजू नका, लाकूड फुगतं आणि तडकतं. मग डाव्या तळहातावर ब्रश गोल गोल फिरवत बुडापर्यंत फेस जाऊ द्यायचा. वरची टोकं धुतली जातात, वास मात्र आत मुळाशी बसलेला असतो, म्हणून बोटांनी केस थोडे फाकवून नळाची बारीक धार आत सोडायची. पाणी स्वच्छ येईतो हे दोनतीनदा.

पहिल्या पाण्याला चहासारखा रंग आला तर दचकू नका. डुकराच्या केसांवर पुष्कळदा रंगाचा पट्टा मारलेला असतो, बिज्जू (बॅजर) या प्राण्याच्या महागड्या केसांसारखा दिसावा म्हणून. तो रंग कधी कधी सुटतो.

त्यानंतरची पायरी बरेच जण गाळतात आणि मग वास जात नाही म्हणून रडतात. दाढीच्या साबणाचा घट्ट फेस करा, ब्रशमध्ये भरा आणि रात्रभर तसाच उभा ठेवा. सकाळी धुवा. दोन-तीन रात्री हे केलं की वास बराच उतरतो. उरलेला रोजच्या वापरात जातो.

सुरुवातीला फेस धरत नाही म्हणून ब्रश फेकू नका. डुकराचे केस आधी राठ असतात, पाणी पितात आणि फेस खातात. दाढीआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवा. दोन-चार आठवड्यांत टोकं फुटतात आणि मग तो मऊ होतो. पहिल्या काही दाढ्यांत चार-दोन केस गळतील, तेही चालायचंच. महिन्यानंतरही गळत राहिले तर माल खराब.

अवांतर_अण्णा

उकळण्याची पद्धत आली कुठून, त्यावर थोडं अवांतर. कारण ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही.

पहिल्या महायुद्धात दाढीच्या ब्रशमुळे माणसांना अँथ्रॅक्स झाला होता. आपल्याकडे गुरांची फाशी किंवा काळपुळी म्हणतात तोच रोग. युद्धामुळे बिज्जूचे चांगले केस मिळेनात, म्हणून घोड्याचे केस रंगवून बिज्जूच्या नावानं खपवले गेले आणि ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. वस्तऱ्यानं चेहऱ्याला बारीक जखम व्हायची आणि ब्रश तिथे रोग पोचवायचा. ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिक व नागरिक मिळून 200 हून अधिक जणांना लागण झाल्याची नोंद आहे. असे ब्रश जपानहूनही येत, म्हणून 1920 मध्ये ब्रिटननं जपानी ब्रशच्या आयातीवर बंदी घातली.

गंमत अशी की अँथ्रॅक्सचे बीजाणू इतके चिवट असतात की साबणाला दाद देत नाहीत आणि घरगुती उकळीचाही भरवसा नाही. हे काम कारखान्यात, केस ब्रशमध्ये बसवण्याआधीच व्हायला हवं, आणि आज नीट उत्पादक ते करतात. म्हणून ब्रश नावापत्त्याच्या ठिकाणाहून घ्या आणि घरी साबणानं धुवा. घोड्याच्या केसांचा पन्नास-शंभर वर्षांचा जुना ब्रश चोर बाजारात हौसेनं विकत घेणार असाल तर शोकेसमध्ये ठेवा, गालाला लावू नका.

नवशिका_परळ

अण्णा, हे आईला वाचून दाखवायला नको होतं. "फाशी" ऐकल्यावर ती म्हणाली, ब्रश खोक्यातच राहू दे. वर तिला आजच कळलं की केस डुकराचे आहेत. ते देवघराच्या भिंतीला लागून असलेल्या मोरीत नकोत, असं आता चाललंय. सिंथेटिक घेतला तर हे सगळं टळतं का?

फेसाळ_गिरगाव

टळतं. सिंथेटिकला प्राण्याचा वास नसतो, भिजवत बसावं लागत नाही, पटकन वाळतो. तोही पहिल्यांदा एकदा साबणानं धुवायचाच, कारखान्यातली धूळ आणि तेल असतं. माझे शेजारी जैन आहेत, ते दहा वर्षं सिंथेटिकच वापरतात आणि फेस माझ्यापेक्षा चांगला करतात, हे मान्य करायला जिवावर येतं. पण आणलेला ब्रश फुकट कशाला घालवता? आईंना सांगा, मोरीत न ठेवता गॅलरीत ठेवीन.

खरं तर गॅलरीच बरी. जुलैत मुंबईची हवा 80 टक्क्यांच्या वर दमट. खिडकी नसलेल्या मोरीत ब्रश वाळतच नाही, मुळाशी बुरशी धरते, आणि मग जो वास येतो तो नव्या ब्रशच्या वासाहून वाईट. दाढी झाली की फेस पूर्ण काढा, दोनदा जोरात झटका, टॉवेलवर हलकेच पुसा. पिळायचा नाही, केस मुळापासून उपटतात. उभा ठेवा की उलटा टांगा, त्यावरून लोक उगाच भांडतात. वारा लागला पाहिजे, बस. ओला असताना डब्यात बंद करू नका.

टँकरवाली_दहिसर

पाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते. आमच्या ह्यांचा ब्रश वर्षभरात खराट्यासारखा झाला. सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी, जड. साबण त्या पाण्यात फाटतो आणि केसांच्या मुळाशी पांढरी खर बसते. मी अर्धा मग कोमट पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून पाच मिनिटं केस बुडवते आणि खळखळून धुते. दोन महिन्यांतून एकदा, जास्त नाही. परळला तलावांचं मऊ पाणी असेल तर तुम्हाला नव्या ब्रशसाठी याची गरज नाही. नशीबवान आहात.

खडूस_काका

वडिलांचा ब्रश गॅलरीतच असायचा. तुळशीच्या वरच्या खिळ्याला, सुतळीनं उलटा टांगलेला. आत्ता आठवलं.

नवशिका_परळ

नऊ दिवसांनी अपडेट.

शांपूनं धुतला. पाणी खरंच चहासारखं आलं, तिसऱ्या खेपेला निवळलं. तीन रात्री फेसात ठेवला. पहिल्या सकाळी बकरी होतीच, दुसऱ्या सकाळी लांबून ओरडत होती, चौथ्या दिवशी नुसता चंदनाच्या साबणाचा वास. सात केस गळले, मोजले. परवापासून गळती बंद. फेस अजून वाटीभर होत नाही, पण गालभर होतो.

ब्रश गॅलरीत, कपड्यांच्या दोरीला चिमट्यानं टांगलाय. मूठ वर, केस खाली. आईनं दोरीचं ते टोक मला तोडून दिलंय. तिथे दुसरं काही वाळत घालायचं नाही, असं घरात जाहीर झालंय.

काका, सुतळीची गाठ कशी मारायचे ते आठवलं तर सांगा. चिमटा वाऱ्यानं सुटतो.