पेटीतली क्रिस: मलायी की जावाची?

टिळकवाडी: घरच्या जुन्या पेटीत एक क्रिस, म्हणजे मलाया-जावाकडचा खंजीर, आहे. पातं ३६ सेंमी, नागमोडी. वळणं मोजली तर दहा भरतात. मूठ लाकडी, पोटाशी हात घेऊन कुडकुडत बसलेल्या माणसासारखी. म्यानाचं तोंड होडीच्या आकाराचं, खाली पितळी नळी. सगळे हिला मलायी म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि खंडेनवमीआधी चिंचेनं घासली तर चालेल?

खानापूर: चिंच अजिबात नको, पॉलिश पेपरही नको! पात्यावरची नक्षी, म्हणजे पामोर, दोन जातींच्या लोखंडाचे थर घडी घालून ठोकल्यानं येते. त्यातला काळा रंग लिंबाचा रस आणि सोमल लावून उठवलेला असतो. घासलं की तो जातो आणि उरतो नुसता पांढरट पत्रा. सोमल विषारी, तेव्हा हातमोजे घालूनच धरा.

वळणं नेहमी विषम असतात. मुठीजवळ हत्तीच्या सोंडेसारखा वाकडा काटा असेल, तर त्या बाजूच्या पहिल्या खोलगट बाकापासून सुरू करा. मग समोरची कड, परत ही कड, असं टोकापर्यंत जा. बहुतेक वेळा शेवटचा उथळ बाक नजरेतून सुटतो. तरीही दहाच आली तर टोक झिजलंय किंवा तुटल्यावर परत घासलंय.

निपाणी: मूठ 'जावा देमाम' घाटाची दिसते, म्हणजे मलाया किंवा सुमात्राची. होडीच्या तोंडाचं म्यान मात्र जावाचं, 'लाद्रांग'. मूठ-म्यान पिढ्यानपिढ्या बदलली जातात, म्हणून त्यांच्यावरून पात्याचं गाव ठरवू नका. १९४५ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान सुराबायात होते, त्यामुळे आपल्या बेळगाव भागात जावाची क्रिस निघाली तर नवल नाही.

आधी पात्याच्या बुडाची आडवी पट्टी, 'गोंजो', बघा. ती सहसा वेगळी घडवून शेपटावर, म्हणजे पात्याच्या मुठीत जाणाऱ्या टोकावर, बसवलेली असते. तिरप्या उजेडात सांधा केसाएवढा दिसला आणि फट नसली तर काम चांगलं. नुसती कोरलेली रेघ असेल तर माल बहुधा पर्यटकांसाठीचा. (अखंड गोंजोची पाती असतात, पण कमी.) मग पातं म्यानात घाला. गोंजो तोंडातल्या खाचेत नीट बसत नसेल तर म्यान दुसऱ्या क्रिसचं आहे.

पात्याच्या मधे सहसा पोलादाचा गाभा असतो, म्हणून पामोर धारेच्या अलीकडे थांबून कडेला साध्या पोलादाची पट्टी दिसते. नक्षी दोन्ही अंगांना छाप्यासारखी तंतोतंत एक असली, तर ती बहुधा आम्लानं नुसती वरवर काढलेली.

टिळकवाडी: परत मोजली, अकरा भरली. गोंजोला सांधा आहे. मूठ हलत नाही, काढू का?

खानापूर: जोर लावू नका. शेपूट कापडानं किंवा राळेनं घट्ट बसवलेलं असतं, पिळलं तर गंजलेलं शेपूट आतच मोडतं. खंडेनवमीला हळद-कुंकू म्यानालाच लावा, पात्यावर ओलसर राहिलं की तिथं गंज धरतो. पावसाळ्यात लाकडी म्यान ओल धरून ठेवतं, तेव्हा पातं बाहेर काढून तेलाचा पुसट हात द्या आणि कोरड्या सुती कापडात गुंडाळून वेगळं ठेवा.