नगरपरिषदेच्या १४० कर्मचाऱ्यांचे गणवेश : कापड, मापं आणि दिवस यांचा हिशेब तपासून द्या

शिलाईकेंद्र_कुडाळ

नमस्कार मंडळी. जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या गणवेशाची निविदा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर आली आहे, भरायचा विचार आहे. कापडासह शिलाई, पुरवठ्याची मुदत ४५ दिवस. सफाई विभागाचे ९० पुरुष, प्रत्येकी दोन पँट आणि दोन हाफ शर्ट. सफाईच्याच ३५ महिला, त्यांना साडीवर घालायचे प्रत्येकी दोन कोट. शिपाई आणि वाहनचालक मिळून १५ जण, पँट-शर्टाचे दोन-दोन जोड. म्हणजे एकूण ४९० नग.

अटीत पँटचं कापड पॉलिएस्टर-व्हिस्कोस ६७:३३, वजन २३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), रंगाचा पक्केपणा धुलाईला ४ आणि उन्हाला ५ असं दिलं आहे. शर्ट आणि कोट टेरीकॉटचे. कोटाला दोन इंची चमकणारी पट्टी.

आमच्याकडे सहा यंत्रं आणि एक ओव्हरलॉक (कडा बंद करायचं यंत्र) आहे. ५८ इंच पन्हा धरून सफाई विभागासाठी पँटला २२० मीटर, शर्टाला २५० मीटर, कोटांना ११० मीटर असा अंदाज काढला आहे. शिपाई-चालकांचं कापड वेगळं, ते यात नाही. पावसाआधी माल द्यायचा आहे. कुठे चुकतंय ते सांगा. मापं कशी घ्यावीत, नमुना कसा द्यावा, बिलात काय अडतं, सगळंच हवं आहे.

कात्री_आणि_माप

तिन्ही आकडे कमी पडतील. ५८ पन्ह्यात एका पँटला १.२५ मीटर धरा. १८० पँटचे २२५ होतात, वर पाच टक्के घट आणि बदलीसाठी, म्हणजे २३७ मीटर. हाफ शर्टाला १.४० प्रमाणे २५२, पाच टक्के धरून २६५. गुडघ्यापर्यंतच्या कोटाला १.७५ प्रमाणे १२२.५, म्हणजे १२९ मीटर. कंबर ४० च्या वर गेली की एका पँटला १.२५ पुरत नाही. ती मापं वेगळी काढून दोन-दोन पँट एकत्र आखा, दोघांना मिळून २.८० लागेल.

व्यापारी ५८ म्हणतो तो काठासकट पन्हा असतो. काठावरची भोकं सोडून कापता येणारा पन्हा मोजा, बहुतेक वेळा ५६ भरतो. त्याहून कमी असेल तर पँटमागे पाच सेंटीमीटर वाढवा. १८० पँटला तेच ९ मीटर होतात.

सगळे तागे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले मागवा आणि बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. दोन लॉटमधली छटा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, सकाळच्या उन्हात हजेरीला माणसं रांगेत उभी राहिली की लगेच कळते. कापताना प्रत्येक ताग्याचा गठ्ठा वेगळा बांधा, एका माणसाचे दोन्ही पाय एकाच ताग्यातून निघाले पाहिजेत. पाच टक्क्यांतून उरलेलं कापड विकू नका. वर्षाच्या मध्ये नवा माणूस लागला किंवा बदली नग द्यावा लागला तर तो लॉट पुन्हा मिळत नाही.

आता कापडाच्या तीन परीक्षा, तिन्ही घरी होतात. ५० सेंटीमीटरचा चौकोन दोऱ्याने आखा, धुवा, सावलीत वाळवा, पुन्हा मोजा. दीड सेंटीमीटर आटला तर आकस तीन टक्के. ४० इंच लांबीच्या पँटला तो सव्वा इंच होतो, घोटा उघडा पडतो. दुसरी, १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा सोनाराच्या काट्यावर ठेवा. २.३ ग्रॅम भरला तर २३० जीएसएम. तिसरी, ओलं पांढरं फडकं कापडावर दहा वेळा घासा, रंग उतरला तर तागा परत.

लॅबरिपोर्ट_वाचा

काट्याच्या परीक्षेबद्दल एक सावधानता, आपल्या हवेमुळे. प्रयोगशाळेत कापड २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवून मगच तोलतात. पॉलिएस्टर हवेतलं पाणी जवळजवळ घेत नाही, व्हिस्कोस भरपूर घेतं. जूनमध्ये मालवणात तोललेलं २३० चं कापड लॅबमध्ये २२६-२२७ भरू शकतं. अटीत अमुक टक्के कमी-जास्त चालेल असं लिहिलं नसेल तर तेवढ्यावरून माल नाकारला जातो. म्हणून कापड घेतानाच २३५-२४० चं घ्या.

६७:३३ हे मिश्रणही घरी सिद्ध होत नाही. जाळून पाहिलं तर पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते आणि व्हिस्कोस कागदासारखं जळतं, यापुढे काही कळत नाही. प्रमाण ठरवायला रसायनाने एक तंतू विरघळवून उरलेला तोलावा लागतो. मुंबईत वस्त्रोद्योग समितीची प्रयोगशाळा आहे, घाटकोपरला बीटीआरए ही वस्त्रसंशोधन संस्था आहे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेची कुठलीही चालेल, पण मान्यता त्याच चाचणीची आहे ना, ते प्रमाणपत्राच्या जोडपत्रात पाहा. सलग दोन मीटर कापड पाठवा आणि त्याच ताग्याचा एक मीटर स्वतःकडे सही करून ठेवा.

पक्केपणाच्या आकड्यांत पुष्कळांची गल्लत होते. धुलाईची मोजपट्टी १ ते ५ आहे, उन्हाची १ ते ८. धुलाईला ४ म्हणजे चांगलं, उन्हाला ५ म्हणजे आठपैकी मधलंच. सकाळी सहापासून दुपारपर्यंत रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर ५ वालं कापड वर्षभरात फिकं पडतं. अटीत ५ असलं तरी व्यापाऱ्याकडे ६ चं मागून पाहा. खाकी सुती असेल तर व्हॅट रंगाची (धुलाई-उन्हाला टिकणाऱ्या रंगाची) मागा.

माजघर_मालवण

नमुन्यार सायबाची सही झाल्याशिवाय कापडाक कात्री लावू नकात. बाकी सगळा मागसून.

कात्री_आणि_माप

वरचं एक वाक्य माझ्या सगळ्या उत्तरापेक्षा मोलाचं आहे. पँट, शर्ट, कोट यांचे प्रत्येकी दोन नमुने शिवा. पिशवीत घालून लाखेने किंवा सहीच्या चिठ्ठीने बंद करा. एक संच कार्यालयात, एक तुमच्याकडे. चिठ्ठीवर तारीख, कापडाचा लॉट नंबर आणि मंजूर करणाऱ्याचं पदनाम हवं. पदनाम यासाठी, की मध्येच मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांना रंग गडद वाटला तर हातात तेवढाच कागद असतो.

बोधचिन्हाचंही याच वेळी लेखी घ्या. खिशावरचं भरतकाम खिसा शर्टाला लावण्याआधी करायचं, नाहीतर मागच्या अस्तराच्या कागदाने छाती टोचते आणि चूक झाली तर अख्खा शर्ट जातो. नावाची अक्षरं त्यांच्या पत्रशीर्षावरून घ्या. ‘नगरपरिषद’ आणि ‘नगर परिषद’ एवढ्या फरकावरूनही माल परत येतो.

मापं. आधी आस्थापना विभागाकडून सेवा क्रमांकासह यादी घ्या आणि त्यात कायम किती, कंत्राटी किती, हे लेखी विचारा. कंत्राटी कामगारांचे गणवेश बहुधा ठेकेदाराच्या करारात असतात. तुम्ही १४० शिवले आणि मंजुरी ११० ची निघाली तर ३० जणांचे पैसे कोणी देणार नाही.

सफाई कर्मचारी कार्यालयात येत नाहीत. पहाटे हजेरीच्या ठिकाणी जा. एकीने माप घ्यायचं, दुसरीने लिहायचं, माणशी चार मिनिटं. १४० जणांना तीन सकाळी लागतात आणि रजेवरच्यांसाठी चौथी. शर्टाला नुसती फीत लावू नका. ३६ ते ४६ छातीचे सहा तयार शर्ट सोबत ठेवा, अंगात घालून हात वर करायला सांगा, खाली वाकायला सांगा, मग जो बसेल तो आकडा लिहा. बारीक फिटिंगचा शर्ट सफाईच्या कामात काखेत उसवतो. पँटला बैठकीचं माप घ्यायला विसरू नका, मांडीपेक्षा तेच जास्त चुकतं. मागच्या शिवणीत दीड इंच आणि मोहरीत (पायाच्या खालच्या घेरात) दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवा.

महिलांचा कोट साडी नेसलेली असतानाच मापा. निऱ्या आणि पदरामुळे नितंबाला ब्लाउज-परकराच्या मापापेक्षा चार इंच जास्त लागतात. दोन्ही बाजूंना चीर द्या, नाहीतर वाकल्यावर खालचं बटण तुटतं. खिसे मोठे आणि तिरके हवेत, हातमोजे त्यातच राहतात.

खारी_हवा

कोकणात गणवेश कापडाआधी धातूवर मरतो. साध्या लोखंडी हूक-पट्टीला खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंज चढतो आणि त्याचा डाग कंबरपट्ट्यावर उतरतो, तो कुठल्याच साबणाने जात नाही. हूक पितळी किंवा स्टेनलेस, चेन नायलॉनची, बटणं चार भोकांची प्लास्टिकची. धागा स्पन पॉलिएस्टर. सुती धागा सतत ओला राहून कुजतो आणि कापड शाबूत असताना शिवण सुटते. बैठकीची शिवण दुहेरी. खिशाची टोकं, चेनचं तळ आणि पट्ट्याची कडी या तीन जागी बारटॅक, म्हणजे दाट आडव्या टाक्यांची मजबुती. बारटॅकचं यंत्र नसेल तर बारीक झिगझॅग दोनदा फिरवा.

चमकणारी पट्टी इस्त्रीने चिकटवलेली घेऊ नका. कापडी पाठीची घ्या आणि दोन्ही कडांनी शिवा. पट्टीवर इस्त्री नाही, ब्लीच नाही. ही सूचना मराठीत छापून प्रत्येक कोटाच्या आत लावा, कारण कोट धुणारं माणूस निविदा वाचत नाही.

बांधणी करताना इस्त्रीची वाफ पूर्ण जाऊ द्या. गरम घडी लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घातली तर आतून पाणी सुटतं आणि दमट गोदामात आठवडाभरात काळी बुरशी येते. रात्रभर दोरीवर, मग पिशवी, पिशवीला दोन भोकं. नगरपरिषदेच्या भांडारात पेट्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायला सांगा.

रेनकोट आणि गमबूट या निविदेत दिसत नाहीत. ते तुमच्या माथी नाहीत, पण बोली भरण्याआधी विचारून घ्या. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत गणवेशासोबत चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, पादत्राणं आणि मास्क एकाच दमात लिहिले होते, त्यामुळे आयत्या वेळी ‘हेही आणा’ असं तोंडी सांगितलं जातं. लेखी मागणीशिवाय आणू नका.

देयक_टेबल

पैशांकडे वळू. बोली भरतानाच पाहायची गोष्ट अशी, की बयाणा रकमेतून (बोलीसोबतच्या अनामतीतून) सूक्ष्म-लघु उद्योगाला मिळणारी सूट उत्पादकाला आहे, व्यापाऱ्याला नाही. उद्यम नोंदणीत (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीत) कपडे शिवण्याचं काम उत्पादन म्हणून नोंदलेलं आहे ना, ते पाहा. नुसतं ‘कापड विक्री’ असेल तर बोली तांत्रिक छाननीतच बाद होते.

दर काढताना जीएसटी नगागणिक पाहायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आहे. जुन्या कोष्टकात हजाराची मर्यादा आणि वर १२ टक्के होते, ते अजून काही कार्यालयांच्या अंदाजपत्रकात दिसतात. कराराची रक्कम कर सोडून अडीच लाखांच्या वर गेली तर नगरपरिषद २ टक्के जीएसटी टीडीएस कापते. ते पैसे बुडत नाहीत. जीएसटी पोर्टलवर तो टीडीएस स्वीकारलात की तिथल्या तुमच्या रोख खात्यात जमा होतात. न स्वीकारल्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिलेले पुष्कळ असतात. राज्याबाहेरून, समजा भिलवाड्याहून, कापड मागवलं तर ५० हजारांच्या वर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतं. इचलकरंजी, भिवंडी किंवा सोलापूरहून आलं तर महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे.

जेमवर माल पोचल्यावर ४८ तासांत तात्पुरती पोच आणि १० दिवसांत स्वीकृती, म्हणजे सीआरएसी, निघायला हवी. त्यानंतर १० दिवसांत पैसे. घड्याळ स्वीकृतीपासून चालू होतं, म्हणून सगळं बळ तिच्यावर लावा. प्रत्येक कर्मचाऱ्याचा गठ्ठा वेगळा, वर नाव, सेवा क्रमांक, नगसंख्या. चलनासोबत तीच यादी, पुढे सहीचा रकाना. भांडारपालाला ४९० नग मोजायला लावलेत तर दहा दिवस मोजण्यातच जातात. १४० गठ्ठे अर्ध्या दिवसात होतात.

उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त दहा. नमुना मंजुरीत त्यांच्याकडून दिवस गेले तर त्याच आठवड्यात पोर्टलवर मुदतवाढ मागा. माल दिल्यावर मागितलेली कोणी वाचत नाही.

शिलाईकेंद्र_कुडाळ

सर्वांचे आभार, अंदाजपत्रक बदलतो आहे. दोन प्रश्न उरले. सहा यंत्रांवर ४५ दिवसांत बसेल का? आणि माल दिल्यावर मापाच्या तक्रारी आल्या तर?

कात्री_आणि_माप

पूर्ण नग एकेकीने शिवला तर दिवसाला चार, सहा जणींचे २४. ४९० नगांना २०-२१ दिवस. त्याआधी नमुना आणि मंजुरीला आठ, कापड यायला आठ ते दहा, शेवटी इस्त्री-बांधणीला चार. ४५ पैकी ४३ गेले. मे महिन्यात लग्नं, आंबा-काजू आणि वळवाच्या वाऱ्याने जाणारी वीज धरली तर बसत नाही. मापं मंजुरीच्या आठवड्यातच उरका, ती मोकळी मिळतात. कोट आणि शर्ट तुकड्यांत वाटा. एकजण कॉलर, एकजण बाह्या, एकजण खिसे, काज-बटण बाहेरून. त्यात दिवसाला ३० पर्यंत जाल आणि चार-पाच दिवस वाचतील. पँट मात्र दोन अनुभवी हातांकडेच ठेवा.

तक्रारींसाठी वाटपानंतर चौथ्या दिवशी हजेरीच्या ठिकाणी एक यंत्र घेऊन बसा, तारीख आधी फळ्यावर लावा. दहात एखादी पँट येईल, बहुतेक कंबर किंवा लांबी, आणि माया ठेवली असेल तर तिथल्या तिथे निघते. सैल करायची सोय ठेवा, घट्ट करायची कामं शेवटी घ्या. बदल केलेल्या प्रत्येक नगापुढे त्याच यादीवर दुसरी सही घ्या आणि तिची प्रत सीआरएसी निघण्याआधी भांडारात द्या.