मदत हवी आहे: थेरपीच्या चार बैठका झाल्या, अतिविचार तसाच आहे, पुढे जावे की थांबावे? (वडोदरा)

माकरपुरा_दुसरी_पाळी (धागाकर्ता)

नमस्कार. मी वडोदऱ्यात राहतो, वय ३६. अतिविचाराच्या त्रासासाठी गेल्या महिन्यापासून दर गुरुवारी थेरपीला जातो. चार बैठका झाल्या, प्रत्येक बैठकीचे नऊशे रुपये मोजले, आणि डोक्यातला भुंगा आहे तसाच आहे. बाई शांतपणे ऐकून घेतात, मधूनमधून प्रश्न विचारतात आणि शेवटी एक वही भरून आणायला सांगतात. या वयात गृहपाठ करायला मी काही शाळेत नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. थेरपीने अतिविचार खरोखर कमी होतो की नाही, आणि होत असेल तर किती बैठकांत? पाचवी बैठक परवा आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास बरे होईल. कृपया ‘सकारात्मक राहा’ असे कोणी लिहू नये.

रावपुऱ्याचा_रहिवासी

आपण जे सांगितले आहे त्यापेक्षा जे सांगितलेले नाही तेच अधिक महत्त्वाचे आहे. या बाई कोण आहेत? एमडी झालेल्या मानसोपचारतज्ज्ञ, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, की काही आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेल्या समुपदेशक? उपचारपद्धतीचे नाव त्यांनी सांगितले आहे का? अतिविचार म्हणजे नेमके काय होते, किती काळापासून होते, झोप लागते का, थायरॉईडची तपासणी झाली आहे का आणि कोणते औषध चालू आहे का? एवढे कळल्याशिवाय ‘होतो की नाही’ याचे उत्तर देणे म्हणजे पत्ता न विचारता रिक्षा हाकण्यासारखे होईल.

निजामपुरा_पहाटे

माझ्या मते प्रश्न थेरपीचा नसून श्वासाचा आहे. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. तेव्हापासून रोज पहाटे एक तास बसतो आणि विचार येतात तसे जातात. त्यासाठी नऊशे रुपये लागत नाहीत. आपण गुरुवारची बैठक रद्द करून आधी शिबिरासाठी नाव नोंदवावे.

माकरपुरा_दुसरी_पाळी

रावपुराकर, पदवी भिंतीवर लावलेली आहे, मी वाचलेली नाही. पद्धतीचे नाव त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले होते, बहुधा सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी थेरपी. मी औषधनिर्मितीच्या एका कारखान्यात दर्जा तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. अहवालावर सही करून घरी आलो की दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडले असेल, बॅच परत येईल, चौकशी लागेल, नोकरी जाईल, घराचा हप्ता थकेल, अशी मालिका सुरू होते आणि रात्री दीड-दोनपर्यंत संपत नाही. हे दोन वर्षांपासून आहे. प्रत्यक्षात आजवर एकही बॅच माझ्या चुकीमुळे परत आलेली नाही, हे मला माहीत आहे. माहीत असूनही होते, हाच तर त्रास आहे.

विवेकवादी_कोठी

आपल्याला हवे असलेले उत्तर विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली, आणि ॲरन बेक यांची सीबीटी १९६० च्या दशकात, म्हणजे नंतर आली, हे अनेकांना ठाऊक नसते. एलिस यांचा क्रम साधा आहे: घटना, घटनेविषयीची धारणा आणि परिणाम. सही केली ही घटना आणि झोप उडाली हा परिणाम. परंतु परिणाम घटनेमुळे होत नसून ‘माझ्या हातून चूक होताच कामा नये’ या मधल्या हट्टामुळे होतो. हा ‘च’ शोधून काढावा आणि त्याच्याशी वाद घालावा, म्हणजे प्रश्न मिटतो.

निजामपुरा_पहाटे यांना नम्रपणे सांगतो की तीव्र चिंतेत असलेल्या माणसाला दहा दिवस मौनात एकटे बसवणे कधीकधी त्रास वाढवणारेही ठरू शकते. म्हणूनच अशा शिबिरांच्या अर्जात मानसिक आजारांविषयी प्रश्न विचारलेले असतात.

निजामपुरा_पहाटे

मला तो त्रास झाला नाही. आणि हा माणूस रात्री दोनपर्यंत स्वतःशी वादच घालत असतो. त्याला आणखी वाद घालायला सांगणे हा उपचार कसा?

वहीवाली_ताई

हा आक्षेप मला पटला, कारण माझ्याही बाबतीत नेमके हेच झाले होते. मी दांडिया बाजारात राहते. आठ वर्षांपूर्वी, मुलगी बारावीत असताना, माझी चिंता इतकी वाढली की तिला शिकवणीवरून यायला दहा मिनिटे उशीर झाला तरी मी गॅलरीत उभी राहून अपघाताची बातमी घरात कोणाला कशी सांगायची याची वाक्ये मनात जुळवत असे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात, ते मी रोज संध्याकाळी सव्वासातला अनुभवत होते.

मलाही वही दिली होती आणि मलाही ती पोरकट वाटली होती. तिच्यात पाच रकाने होते: वेळ, घटना, मनात आलेले भाकीत, त्यावर किती टक्के विश्वास, आणि शेवटी प्रत्यक्षात काय घडले. पहिले चार रकाने त्याच क्षणी भरायचे आणि पाचवा घटना उलटून गेल्यावर. सारी गंमत या पाचव्या रकान्यात आहे, कारण चिंता करणारा माणूस भाकिते रोज शेकडो करतो, परंतु त्यांचा ताळा कधीच घेत नाही. एक भाकीत खोटे ठरेपर्यंत त्याचे मन दुसऱ्यावर गेलेले असते. माझ्या वहीत चार महिन्यांत ६३ नोंदी झाल्या. त्यांपैकी पाच खऱ्या ठरल्या आणि त्या पाचांतही मी गोंधळून न जाता जे करायचे ते केले होते. हे मला कोणी समजावून सांगितले असते तर मी मान हलवली असती आणि सव्वासातला पुन्हा गॅलरीत गेले असते. ते माझ्याच अक्षरात समोर आले, तेव्हा उमजले.

दुसरे तंत्र ‘चिंतेची ठरलेली वेळ’ हे होते. रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच, स्वयंपाकघरातल्या त्याच खुर्चीवर बसून चिंता करायची, आणि इतर वेळी विचार आला की त्याच्याशी न भांडता एका ओळीत टिपून ‘पाचला ये’ म्हणायचे. यात वाद नाही, दडपणेही नाही, फक्त वेळ बदलायची. पहिला आठवडा हास्यास्पद वाटतो. तिसऱ्या आठवड्यात मी पाचला खुर्चीवर बसले आणि यादीतल्या निम्म्या ओळी वाचून ‘हे मी का लिहिले होते’ असा प्रश्न पडला. आपली पाळी दुपारची असल्यास वेळ दुसरी निवडावी, मात्र झोपण्याच्या लगेच आधीची नको.

माकरपुराकर, एक विचारते. आपल्या वहीत आजवर किती नोंदी आहेत?

माकरपुरा_दुसरी_पाळी

दोन. खोटे कशाला लिहू?

कारण आळसाचे नाही. बाई गुजराती आहेत, बैठक गुजरातीत होते आणि मला गुजराती मराठीइतकीच येते, त्यामुळे मी वहीही गुजरातीत लिहायला घेतली. परंतु ‘बराबर जोयुं हतुं ने?’ असे लिहिले की ते वाक्य अगदी निरुपद्रवी दिसते. माझ्या डोक्यात ते तसे येत नाही. ते ‘अरे, नीट बघितलंस ना?’ असे येते, आणि ते आईच्या आवाजात येते. मी सातवीत असताना दाराची कडी, गॅस आणि पाण्याची मोटर तपासायला ती मला याच शब्दांत परत पाठवत असे. अजूनही कामाला निघताना मी कुलपाचा फोटो काढून ठेवतो, म्हणजे रिक्षात बसल्यावर पाहता येतो.

रावपुऱ्याचा_रहिवासी

हा फोटो आपण पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवा होता. तपासणे फक्त कुलपापुरते आहे की गॅस, अहवाल, पाठवलेले ईमेल हेही पुन्हापुन्हा उघडून पाहता? दिवसातला किती वेळ त्यात जातो? चिंताविकारात भविष्याविषयीच्या विचारांची साखळी चालते आणि ती सहा महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस टिकते. तपासल्याशिवाय चैनच पडत नसेल आणि तपासूनही पाच मिनिटांत पुन्हा शंका येत असेल, तर मंत्रचळाची, म्हणजे ओसीडीची, शक्यता पाहावी लागते आणि उपचाराचा रोख बदलतो. तिथे विचारांशी वाद घालण्यापेक्षा, तपासण्याची ऊर्मी आली असतानाही न तपासता थांबण्याचा सराव पायरीपायरीने करून घेतात. मी निदान करत नाही आणि इथे कोणी करूही नये. बाईंना या फोटोविषयी ठाऊक आहे का?

औषधांचा माझा प्रश्नही अजून अनुत्तरित आहे.

अलकापुरी_पॉलिसी

एक महत्त्वाची गोष्ट कोणीच मांडलेली नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची तरतूद केली पाहिजे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मात्र बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात, त्यामुळे बैठकांचे पैसे मिळण्यासाठी पॉलिसीत ओपीडीचे संरक्षण असावे लागते. कंपनीचा गट विमा असल्यास त्यातील अटी वाचून पाहाव्यात.

माकरपुरा_दुसरी_पाळी

विम्याविषयी मी विचारले नव्हते, तरी धन्यवाद.

रावपुराकर, फोटोविषयी बाईंना सांगितलेले नाही, कारण तो मला त्रासाचा भाग वाटलाच नाही, तो मला उपाय वाटत होता. ईमेल मात्र मी पाठवल्यानंतर चार-पाच वेळा उघडतो. औषध म्हणाल, तर झोपेसाठी घराजवळच्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी अल्प्राझोलमची अर्धी गोळी दिली होती. ती अजून रात्री घेतो. हेही बाईंनी विचारले नाही, किंवा विचारले असेल आणि मी ‘विशेष काही नाही’ म्हणालो असेन. थायरॉईडची तपासणी झालेली नाही.

निजामपुरा_पहाटे

ती गोळी आजच बंद करा. सवय तिचीच लागलेली आहे.

सयाजीतली_निवासी_डॉक्टर

कृपया असे करू नये. अल्प्राझोलम वर्षभर रोज घेतल्यानंतर एकाएकी थांबवल्यास चिंता आणि निद्रानाश उसळून येतात आणि काही रुग्णांना झटकेही येऊ शकतात. ती कमी करायची झाल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच करावी. वर्षभर रोज घेण्यासाठी ही गोळी नाही, ही चिंता मात्र योग्य आहे. चिंताविकारासाठी दीर्घकाळ दिली जाणारी औषधे, उदाहरणार्थ एसएसआरआय गटातली, वेगळी असतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्यांची निवड मानसोपचारतज्ज्ञांनी करायची असते. औषध आणि थेरपी यांपैकी एकच निवडावे असाही नियम नाही. थायरॉईडची तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण ती ग्रंथी अधिक काम करत असेल तर धडधड, घाम आणि अस्वस्थता ही चिंतेसारखीच लक्षणे दिसतात. प्रयोगशाळेत दिवसाला किती चहा होतो, हेही एकदा मोजावे.

खर्च जड जात असल्यास सयाजी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभागही आहे. त्या नावाला आपल्याकडे अजून लोक बिचकतात, परंतु तिथे झोप न लागणारी, नोकरी करणारी साधी माणसेच अधिक दिसतात. एक प्रश्न स्पष्टपणे विचारते: जगणे नकोसे वाटते, असे विचार येतात का? येत असल्यास गुरुवारची वाट पाहू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे.

आणखी एक. पहिल्या बैठकीत आपल्याकडून सात प्रश्नांचा कागद भरून घेतला होता का?

माकरपुरा_दुसरी_पाळी

तसे विचार येत नाहीत. विचारल्याबद्दल आभार. घरात हे कोणी विचारले नव्हते.

कागद भरला होता. पहिल्या दिवशी १६ गुण आले होते, गेल्या गुरुवारी १३. बाई ‘चांगले आहे’ म्हणाल्या. तीन गुणांत कसले चांगले?

सयाजीतली_निवासी_डॉक्टर

तो कागद मागच्या दोन आठवड्यांविषयी असतो, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, म्हणजे जास्तीत जास्त २१ गुण. पंधरा आणि त्यावरील गुण तीव्र चिंतेचे, दहा ते चौदा मध्यम चिंतेचे मानतात. एवढ्याशा फरकावरून मी फार मोठे अनुमान काढणार नाही, परंतु वहीत दोन नोंदी असताना सोळावरून तेरा झाले आहेत, तर ‘आहे तसाच’ हे आपले वाक्य पूर्णपणे बरोबर नाही. कालावधीचे म्हणाल, तर ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारण चिंताविकारासाठी सीबीटीच्या साधारण १२ ते १५ साप्ताहिक बैठका सांगितल्या आहेत. आपण चौथीवर आहात.

विवेकवादी_कोठी

मी पुन्हा सांगतो, बैठकांची संख्या गौण आहे. मूळ धारणा सापडली की एका दिवसात फरक पडतो.

वहीवाली_ताई

मला एका दिवसात पडला नाही, कोठीकर. धारणा तिसऱ्याच बैठकीत सापडली होती. गॅलरीत न जाण्याचे धैर्य यायला पुढचे दोन महिने लागले.

माकरपुराकर, राग मानू नका. ‘थेरपीने होईल ना’ हा प्रश्न इथे विचारण्याआधी आपण आणखी किती जणांना विचारला?

माकरपुरा_दुसरी_पाळी

बायको, मोठा भाऊ, पाळीतले दोन सहकारी आणि घराजवळचे डॉक्टर.

बरे. कळले आपण काय म्हणता ते. हा धागा म्हणजे कुलपाचाच फोटो आहे.

वहीवाली_ताई

तसे असेल तर तेही बाईंना सांगा. ‘मला उपयोग होत नाही असे वाटते’ हे थेरपिस्टला तोंडावर सांगणे उद्धटपणा नाही. माझ्या बाईंना मी सहाव्या बैठकीत सांगितले, आणि त्यानंतरच त्यांनी पद्धत बदलून मला मुलीला फोन न करता वीस मिनिटे थांबायचा सराव दिला. वही मराठीत लिहा, आईच्याच शब्दांत लिहा. बाईंना वाचता आले नाही तर वाचून दाखवा. भाषांतर केलेली चिंता घाबरवत नाही, आणि जी घाबरवतच नाही तिच्यावर उपचार कसले करणार?

माकरपुरा_दुसरी_पाळी

गुरुवारी जाऊन आलो. अनेकांनी वेळ दिला, म्हणून कळवतो.

गोळी, फोटो, ईमेल आणि हा धागा, चारही गोष्टी सांगितल्या. बाईंनी गोळीसाठी एका मानसोपचारतज्ज्ञांचे नाव दिले, सोमवारची वेळ मिळाली आहे, तोवर आहे तशी घ्यायची. भिंतीवरची पदवी वाचली, नोंदणी क्रमांक आहे. ‘अरे, नीट बघितलंस ना?’ हे वाक्य त्यांना मराठीतच म्हणून दाखवले. त्यांनी अर्थ विचारला नाही. एवढेच विचारले की ‘हो, बघितलं’ असे उत्तर दिल्यावर आई थांबत असे का. मला लगेच उत्तर देता आले नाही, आणि उरलेली बैठक त्यावरच गेली.

या आठवड्याचे काम: कुलपाचा फोटो काढायचा, परंतु कारखान्यात पोहोचेपर्यंत उघडायचा नाही. काल उघडला. आज रिक्षात दोनदा फोन हातात घेतला आणि माकरपुऱ्याच्या फाटकाशी उतरल्यावर मग पाहिला. वहीत नोंद केली आहे, सकाळी ११.२०, विश्वास ८० टक्के, पाचवा रकाना रात्री घरी गेल्यावर भरेन.

अलकापुरीकर, कंपनीच्या गट विम्यात ओपीडी नाही.