कर्णबधिरांच्या शिक्षणातील पदव्युत्तर पदवी : वांद्रे की वॉशिंग्टन?

मूळ प्रश्न (विशेष शिक्षिका)
श्रवणदोष विषयातील विशेष बी.एड. करून मी सहा वर्षे कर्णबधिर मुलांना शिकवते. आरशासमोर बसवून त्यांच्याकडून 'पाय', 'बाय', 'माय' म्हणवून घेते. ओठांवर तिन्ही शब्द सारखेच दिसत असल्याने मुले गोंधळतात. मधल्या सुट्टीत मात्र तीच मुले हातांनी इतक्या भरभर बोलतात की मलाच काही कळत नाही. आता वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत विशेष एम.एड. करावे, की वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांसाठीच्या विद्यापीठात सांकेतिक भाषेच्या अध्यापनाची पदवी घ्यावी?

प्रतिसाद १
ऐपत असल्यास किंवा शिष्यवृत्ती मिळत असल्यास गॅलॉडेटच. तेथे व्याख्यानांपासून कार्यालयीन कामापर्यंत सारे खुणांनी चालते, त्यामुळे ऐकू येणाऱ्यालाच अडखळण्याचा अनुभव मिळतो. खुणांच्या भाषेला स्वतःचे व्याकरण असते, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये तेथेच प्राध्यापक असताना मांडले. विद्यापीठ १८६४ चे असले तरी पहिला कर्णबधिर अध्यक्ष मिळाला तो १९८८ साली, तोही विद्यार्थ्यांनी आवार बंद पाडल्यावर. ही जाण पाठ्यपुस्तकातून येत नाही.

प्रतिसाद २
असहमत. अमेरिकी सांकेतिक भाषेचे नाते फ्रेंच खुणांशी आहे. तिची इंग्रजी मुळाक्षरे एका हाताने होतात, आपल्या भारतीय सांकेतिक भाषेची दोन्ही हातांनी. ताईंच्या वर्गातल्या मुलांना तिचा काय उपयोग? शिवाय येथे विशेष शिक्षक म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि परदेशी पदवीवर ती आपोआप मिळत नाही. वांद्रे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

प्रतिसाद ३ (कर्णबधिर, माजी विद्यार्थी)
आपण दोघेही पदवीविषयी बोलत आहात. ताईंची अडचण मधल्या सुट्टीतली आहे. एम.एड.मध्ये शिक्षणशास्त्र आणि संशोधन येईल, पण केवळ त्याने हात वळणार नाहीत. दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय केंद्र आहे. आधी त्या भाषेचा अभ्यासक्रम, शक्यतो कर्णबधिर शिक्षकाकडून, पूर्ण करावा. मी शाळेत दहा वर्षे ओठ वाचले; गणित कळले ते एका मोठ्या मुलाने खुणांनी समजावले तेव्हा. प्रवेश घेण्यापूर्वी कोणत्याही संस्थेला एवढेच विचारा, की शिकवणाऱ्यांत कर्णबधिर किती?

प्रतिसाद १
नोंदणीचा मुद्दा मान्य. मात्र या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घेऊ लागलात, तर गॅलॉडेटचे नाव पुन्हा यादीत वर येईल.