डॉक्सीसायक्लिनची गोळी, रात्रीचं जेल आणि गालावरचे खड्डे

सिंहगडरोड_२४
मुरुमांसाठी त्वचातज्ज्ञांनी दिलंय: रोज डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) १०० मिग्रॅ, सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, रात्री अॅडापलीन ०.१ टक्के जेल. तीन आठवडे झाले. हनुवटी आणि नाकाच्या कडा सोलतायत, मुरुमही वाढल्यासारखे वाटतात. जेल बंद करून नुसती गोळी चालू ठेवली तर? आणि गालावरचे खड्डे यानेच भरतील का? रोज दुचाकीने हिंजवडीला जावं लागतं.

कोथरूडची_औषधवाली
नेमकं उलट करायचं असतं. गोळी साधारण तीन महिन्यांत थांबते, जेल पुढेही चालू राहतं. नुसत्या अँटिबायोटिकला जंतू सरावतात, बेंझॉइल पेरॉक्साइडला सरावत नाहीत. म्हणून ते जोडीला. अॅडापलीनचं काम वेगळं: ते छिद्रं तुंबू देत नाही, म्हणजे पुढचा मुरुम मुळातच अडतो.

सोलणं बहुतेक वेळा लावण्याच्या पद्धतीमुळे होतं. चेहरा धुतल्यावर वीसेक मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या. सगळ्या चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं जेल पुरतं. कपाळ, गाल, हनुवटीवर ठिपके देऊन पसरवा. नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना आधी व्हॅसलीन. फक्त मुरुमावर ठिपका ठेवणं ही नेहमीची चूक. सध्या एक रात्र आड लावा, आधी मॉइश्चरायझर. पहिल्या महिन्यात पुरळ वाढल्यासारखं दिसू शकतं. गुण आला की नाही हे १२ आठवड्यांनी ठरवा. उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे ठेवा, बेंझॉइल पेरॉक्साइडने रंग उडतो.

गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्याने घेऊन झोपलं की ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. लोह, कॅल्शियम, अँटासिड यांच्यात आणि तिच्यात दोन-तीन तास जाऊ द्या. या गोळीने ऊन लवकर भाजतं, म्हणून एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, दोन बोटांवर भरेल एवढं. स्कार्फ बांधा, पण रोज धुतलेला. घामट कापड हेल्मेटखाली घासलं की तिथेच पुटकुळ्या येतात.

आणि कृपा करून दुकानातून डाग घालवायची ट्यूब परस्पर आणू नका. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं, त्यानेच मुरुम उठतात.

त्वचा_आणि_व्रण
खड्ड्यांबद्दल. आधी बोट फिरवून बघा. सपाट, तपकिरी असेल तर तो डाग. सनस्क्रीन, अॅडापलीन, अॅझेलेइक अॅसिडने काही महिन्यांत फिकट होतो. खोलगट लागलं तर तो व्रण. अॅडापलीनने उथळ व्रणांत थोडा फरक पडतो, खोल खड्डा जेलने किंवा गोळीने भरत नाही.

त्यातही प्रकार आहेत. सुईच्या टोकासारखे अरुंद, खोल असतील तर टीसीए क्रॉस, म्हणजे तीव्र आम्ल फक्त खड्ड्याच्या तळाशी. लाटांसारखे पसरट असतील तर सबसिजन, म्हणजे त्वचेखाली सुई घालून तंतू सोडवणं, कारण तिथे त्वचा खालच्या तंतूंनी ओढून धरलेली असते. वरून काहीही लावलं तरी तंतू सुटत नाहीत. मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं) बऱ्याचदा जोडीला, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका. पण नवे मुरुम शांत झाल्याशिवाय पैसे घालू नका, एकीकडे बुजवायचं आणि दुसरीकडे नवे खड्डे पडायचे.

सिंहगडरोड_२४
खूप आभार. मैत्रिणीकडे मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या उरल्यात. डॉक्सीसायक्लिनबरोबर सुरू केल्या तर लवकर गुण येईल का?

कोथरूडची_औषधवाली
अजिबात नको. दोन्ही एकत्र घेतल्यास मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. डोकं ठणकतं, धूसर दिसतं, दृष्टीला धोका. आधी डॉक्सीसायक्लिन बंद करतात, मगच आयसोट्रेटिनोइन. मात्रा वजनावर: रोज किलोमागे ०.५ मिग्रॅ धरली तर ६० किलोला ३० मिग्रॅ, आणि किलोमागे एकूण १२० मिग्रॅ पूर्ण व्हायला आठ महिने. उरलेल्या पाकिटात हे बसत नाही. यकृत आणि चरबीच्या रक्ततपासण्या लागतात. गर्भावर भयंकर परिणाम होतो, म्हणून सुरू करण्याआधी गर्भचाचणी, आणि आधी महिनाभर, गोळी चालू असताना व नंतर महिनाभर गर्भनिरोध. त्वचा इतकी कोरडी पडते की त्या काळात बहुतेक वेळा अॅडापलीनही थांबवतात. वॅक्सिंग तर नकोच, कातडी निघून येते.