एसईसी सेमीफायनल : आमचा नंबर एकचा पिचर डगआउटमध्येच का बसवून ठेवला?

चारुता_ब :
लेक एसईसीतल्या (अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या युनिव्हर्सिटींची लीग) एका युनिव्हर्सिटीत शिकते (कुठल्या ते सांगत नाही, इथे लगेच भांडणं लागतात). तिच्यामुळे मलाही कॉलेज बेसबॉलचा नाद लागला. यंदा दोघी शनिवारी हूव्हरला (अलाबामातलं गाव, एसईसीची स्पर्धा तिथेच होते) सेमीफायनल बघायला गेलो. आमचा शुक्रवारवाला पिचर, म्हणजे टीमचा सगळ्यात भारी बॉल टाकणारा, आठवडाभर एकदाही माउंडवर (बॉल टाकायच्या उंचवट्यावर) आला नाही. डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळत उभा! आठव्या इनिंगपर्यंत आम्ही पुढे होतो. मग रिलीव्हरने (बदली पिचरने) लागोपाठ दोघांना वॉक (फुकटचा बेस) दिला, त्यावर डबल (दोन बेसचा फटका) बसला आणि संपलं. एक मॅच हरली की घरी, असा नियम असताना हुकमाचा एक्का हातात ठेवून हरायचं कशाला? लेक म्हणते, “आई, तुला नाही कळणार.” तुम्ही तरी सांगा.

निनाद७७ :
कोच घाबरट, दुसरं काय! ट्रॉफी समोर दिसत असताना कसली विश्रांती?

बुलपेनकाका :
निनाद, थांब जरा. चारुताताई, लेकीचं बरोबर आहे, पण तिने समजावून सांगायला हवं होतं.

हूव्हर संपलं की दुसऱ्या दिवशी, म्हणजे मेमोरियल डेच्या सोमवारी, एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) राष्ट्रीय स्पर्धेच्या 64 टीमची यादी जाहीर करते. लगेच त्या शुक्रवारपासून 16 ठिकाणी रीजनल. रीजनलमध्ये चार टीम, दोनदा हरलात की बाहेर. तिथून सुपर रीजनल, आणि मग ओमाहा, जिथे राष्ट्रीय विजेता ठरतो. कॉलेजचा पिचर आठवड्यातून एकदा टाकतो. शुक्रवार ते शुक्रवार अशी त्याच्या खांद्याला सवय लागलेली असते. शनिवारी त्याने शंभर पिचेस (बॉल) टाकल्या तर पुढच्या शुक्रवारपर्यंत सहाच दिवस मिळतात, रविवारच्या फायनलला टाकल्या तर पाच. तुमची टीम 64 मध्ये येणार हे एप्रिलमध्येच दिसत असेल, तर कोणता कोच हा जुगार खेळेल?

तरी एक सांगतो. दोन इनिंग, तीस-पस्तीस पिचेस, एवढं त्याला सहज देता आलं असतं. लीगची शेवटची सिरीज गुरुवारी सुरू होते, म्हणजे शनिवारपर्यंत तो नऊ दिवस रिकामा होता. इतका आराम झाला की पिचरचा हात बोथट होतो. बरेच कोच अशा वेळी त्याला थोडा वेळ टाकायला लावतात. तुमच्या कोचने तेवढंही केलं नाही, हे मलाही पटलेलं नाही.

चारुता_ब :
काका, मग हूव्हरला जिंकून मिळतं तरी काय? आणि लेक सांगते की पूर्वी एकदा हरलं तरी चालायचं, ते का बंद केलं?

बुलपेनकाका :
बलाढ्य टीमला मिळते ट्रॉफी, आणि जमलंच तर राष्ट्रीय स्पर्धेत थोडं वरचं सीड (मानांकन). रीजनलचे 16 यजमान रविवारी रात्रीच जाहीर होतात, तेव्हा हूव्हरची फायनल संपून फार वेळ झालेला नसतो. टीम निवडणाऱ्या कमिटीचं बहुतेक काम आधीच उरकलेलं असतं. ओल मिस (मिसिसिपी युनिव्हर्सिटी, एसईसीतलीच) 2022 मध्ये हूव्हरला पहिल्याच दिवशी हरून घरी गेली. 64 मध्ये जेमतेम, अगदी शेवटच्या काही जागांपैकी एक मिळाली. आणि ओमाहाला तीच टीम राष्ट्रीय विजेती झाली! फायनलला समोर ओक्लाहोमा, ज्यांनी बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या लीगची स्पर्धा जिंकली होती. आता यातून काय निष्कर्ष काढायचा तो काढा.

खरी स्पर्धा बघायची तर छोट्या कॉन्फरन्सची (लीगची) बघा. तिथून बहुतेक वेळा एकच टीम पुढे जाते, जी स्पर्धा जिंकेल ती. लीगमध्ये पहिली आलेली टीमसुद्धा त्या चार दिवसांत दोनदा घसरली की तिचा सीझन संपला. ज्याचं तिकीट कन्फर्म आहे तो प्लॅटफॉर्मवर निवांत चहा पितो, धावाधाव वेटिंगवाल्याची असते. तिथे बुधवारी पूर्ण मॅच टाकलेला पिचर शनिवारी नवव्या इनिंगला बुलपेनमधून (बदली पिचर तयार होतात तिथून) येताना दिसेल. चौथ्या वर्षाचा मुलगा असतो, पुढे प्रो बेसबॉल नशिबात नाही हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तोच कोचकडे बॉल मागतो. खांद्याच्या दृष्टीने हे वाईटच, पण नजर हटत नाही. आणि हे लोक नुसते हजेरी लावायला येत नाहीत. फ्रेस्नो स्टेट 2008 मध्ये डब्ल्यूएसी ही छोटी कॉन्फरन्स जिंकून आली, रीजनलमध्ये चौथं म्हणजे तळाचं सीड मिळालं, आणि फायनलला जॉर्जियाला हरवून देश जिंकली.

आता फॉरमॅट. एसईसीत 2024 पर्यंत 12 टीम यायच्या. पहिला दिवस बाद पद्धतीचा, मधले दिवस डबल एलिमिनेशन (दोनदा हरलं की बाहेर), शनिवार-रविवार पुन्हा बाद. टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यावर टीम झाल्या 16. त्यामुळे 2025 पासून सगळ्यांना प्रवेश आणि सगळं सरळ बाद पद्धतीने. पहिली चार सीड थेट क्वार्टरफायनलला, पाच ते आठ दुसऱ्या फेरीला. पिचर वाचतात आणि पावसाने खोळंबा झाला तरी आठवडा कोलमडत नाही. पूर्वी हूव्हरला वादळी पाऊस आला की रात्रीची मॅच मध्यरात्र ओलांडायची. तरी मला जुनंच आवडायचं. लूझर्स ब्रॅकेटमधून (एकदा हरलेल्यांच्या गटातून), पिचर उरलेले नसताना वर चढून येणारी टीम आता दिसणार नाही.

एसीसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सचं जुनं त्रांगडं तर याहून भारी होतं. तीन-तीन टीमचे चार गट. तिघी 1-1 झाल्या तर वरचं सीड पुढे. म्हणजे गटातल्या तिसऱ्या टीमने पहिल्या मॅचला दुसरीला हरवलं, की पहिली विरुद्ध दुसरी या मॅचला काही अर्थच उरायचा नाही. कोणीही जिंका, निकाल पहिली विरुद्ध तिसरी यातच लागणार. लोक तिकीट काढून ती बघायला यायचे! 2025 ला त्यांनीही ते मोडीत काढलं, तिथेही 16 टीम आणि बाद पद्धत.

निनाद७७ :
काका, सगळेच काही राखून खेळत नाहीत. टेनेसीने 2024 मध्ये हूव्हरही जिंकलं आणि ओमाहाही, तेसुद्धा देशात पहिलं सीड असताना.

बुलपेनकाका :
हो, आणि त्याआधी पहिल्या सीडने देश जिंकला होता तो 1999 मध्ये, मायामीने. अशी उदाहरणं शोधायला किती मागे जावं लागतं बघ. टेनेसीकडे पिचर तरी किती होते! ज्याचं बुलपेन खोल त्याला दोन्ही परवडतं.

सीमा_आर :
थोडं अवांतर. हूव्हरचं हेच ते स्टेडियम ना, जिथे बास्केटबॉलवाला मायकेल जॉर्डन 1994 मध्ये बेसबॉल खेळला?

बुलपेनकाका :
तेच. तेव्हा बर्मिंगहॅम बॅरन्सचं घरचं मैदान होतं ते. .202 ची बॅटिंग सरासरी काढली त्याने, लोक हसतात, पण डबल-एला (प्रो बेसबॉलची खालची पातळी) एवढ्या वर्षांनी बॅट हातात धरून तेवढं करणंही गंमत नाही.

चारुता_ब :
लेकीला हे सगळं वाचून दाखवलं. दोन इनिंगवाला मुद्दा तिला मान्य नाही. म्हणते, त्या पिचरचं कोपर मार्चपासून कुरकुरत होतं. मग आधीच का नाही सांगितलंस, म्हटलं! आता शुक्रवारी रीजनल बघणार आहोत, त्याला पहिल्या मॅचला टाकतात की दुसऱ्या, यावर पैज लागली आहे.

बुलपेनकाका :
कोपराचं खरं असेल तर माझे शब्द मागे. पहिल्या मॅचला समोर चौथं सीड असेल तर कोच त्याला दुसऱ्या दिवसासाठी ठेवेल. मी तरी दुसऱ्या मॅचवर पैसे लावेन.